विचार तपासायचा की आग्रह सोडायचा?

समजा, गिरीजच्या अकरावीतल्या एका मुलीला सहामाहीत भौतिकशास्त्रात ५० पैकी १४ गुण मिळाले. उत्तरपत्रिका हाती पडताच ती म्हणते, "मला काहीच येत नाही. आता सगळे मला हसणार." मग दोन दिवस ती वर्गात फिरकत नाही. अशा वेळी आपण शिक्षक बहुधा "एवढे काय मनाला लावून घेतेस?" म्हणतो, किंवा जास्त अभ्यास करायला सांगतो. पण खचलेल्या माणसाशी नेमके बोलावे काय, हा प्रश्न शास्त्राचाही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन अमेरिकनांनी त्याची जी उत्तरे शोधली, ती सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. एक मात्र नाहीत.

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) तरुणपणी मुलींशी बोलायला फार बुजत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला : न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचे. महिन्याभरात ते शंभरेक जणींशी बोलले. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, तीही आली नाही! पण नकाराने आकाश कोसळत नाही, हे त्यांना उमगले. पुढे ते मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार करू लागले, पण त्या पद्धतीच्या संथपणाला कंटाळून १९५५ मध्ये त्यांनी आपली वेगळी वाट धरली. तिचा आधार होता एपिक्टेटस या एकेकाळी गुलाम असलेल्या तत्त्वज्ञाचा विचार : माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, तिच्याविषयीची त्याची समजूत करते. मराठीत ही पद्धत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते.

आरन बेक (१९२१–२०२१) यांची कथा विज्ञानशिक्षकाला अधिक भावेल. फिलाडेल्फियातील हे मनोविकारतज्ज्ञ मनोविश्लेषण मोडायला निघालेच नव्हते, त्यांना ते सिद्ध करायचे होते. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, असे तो सिद्धांत सांगे. तसे असेल तर रुग्णांच्या स्वप्नांत राग दिसायला हवा. बेकनी स्वप्ने तपासली, तर त्यांत आढळले हरणे, गमावणे, नाकारले जाणे. रुग्ण जागेपणी स्वतःविषयी जे बोलत, त्याचाच सूर स्वप्नांतही होता. निरीक्षण जुळेना, तेव्हा बेकनी सिद्धांत सोडला आणि मनात आपोआप उमटणाऱ्या अशा विचारांकडेच लक्ष वळवले. त्यातून 'बोधनिक उपचार' आकाराला आला. १९७७ मध्ये ४१ रुग्णांवरील चाचणीत त्याची तुलना इमिप्रामिन या औषधाशी झाली आणि बोलण्याचा उपचार औषधापेक्षा सरस ठरला. चाचणी लहान होती, पण बोलण्याचा परिणामही मोजता येतो, हे तिने दाखवले.

आता आपल्या मुलीकडे वळू. बेकच्या वाटेने जाणारा समुपदेशक विचारील, "काहीच येत नाही, याला पुरावा काय? रसायनशास्त्रात किती गुण आहेत? हसले कोण, किती जण?" विचार हे गृहीतक मानायचे आणि तिच्याच मदतीने ते तपासायचे. एलिसची वाट धरणारा म्हणेल, "समज, खरेच हसले. मग? कोणी हसताच कामा नये, हा नियम कुठून आला?" त्याचा रोख 'झालेच पाहिजे' या आग्रहावर असतो. आम्हाला वाटते, गुण खरोखरच कमी असतील तेव्हा एलिसचा प्रश्न अधिक खोल जातो. पण दुखावलेल्या मुलीला तो पहिल्याच दिवशी विचारला, तर तिला ती थट्टा वाटेल. तिथे बेकची शोधक रीत बरी.

महाराष्ट्रात एलिस अधिक रुजले. कि. मो. फडके यांनी अनेक वर्षे ही पद्धत मराठीतून मांडली आणि शिकवली. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली, तिच्या कामातही या विचाराला मोठे स्थान आहे. (गिरीज तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, पालघर जिल्हा २०१४ चा.) 'मनाचे श्लोक' पाठ करणाऱ्या समाजाला मनाला समोर बसवून खडसावणे परके वाटले नसावे.

पण विचारच पकडायला हवा का? १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसन यांनी १५० रुग्णांवर बोधनिक उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. दिनक्रमात हळूहळू कामे परत आणणे, एवढा एकच भाग वापरला तरी गुण जवळजवळ तेवढाच आला. गोव्यात 'संगत' या संस्थेने हाच भाग उचलला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. बोलणारे होते मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेले, पण या कामासाठी तयार केलेले आणि देखरेखीखाली काम करणारे स्थानिक लोक. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाची. २०१७ मध्ये निकाल आला : तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

आपल्या मुलीच्या बाबतीत ही तिसरी वाट विचाराला हातच लावणार नाही. उद्या पहिल्या तासाला वर्गात ये आणि प्रयोगवहीतले एक पान पुरे कर, एवढेच ती सांगेल. मात्र मुलीच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर असेल, तर कोणतीही वाट स्वतः आजमावत बसू नये. घरच्यांना कळवून तिला डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवाही मिळते.