२२ मार्च १९५२ : डी. एस. सेनानायके यांचे निधन

स्वतंत्र सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, पहिले पंतप्रधान डॉन स्टीफन सेनानायके यांचे २२ मार्च १९५२ रोजी निधन झाले. आदल्या दिवशी कोलंबोतील गॉल फेस मैदानावर रपेट करताना ते घोड्यावरून पडले होते.

ग्रॅफाइटच्या खाणी आणि नारळ-रबराचे मळे असलेल्या घराण्यात ते वाढले. मद्यपानविरोधी चळवळीतून ते सार्वजनिक जीवनात आले. १९१५च्या सिंहली-मुस्लिम दंगलींनंतर ब्रिटिशांनी त्यांना अटक केली. १९२४मध्ये ते विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३१मध्ये शेती व जमीन खात्याचे मंत्री झाले. त्यांचे सर्वांत भरीव काम याच खात्यातले. जंगलात हरवलेल्या मिन्नेरियासारख्या प्राचीन तलावांची दुरुस्ती करून कोरड्या प्रदेशात शेतकरी कुटुंबे वसवण्यात आली. १९३५च्या जमीन विकास कायद्याने सरकारी जमीन लहान शेतकऱ्यांना मिळू लागली. मळ्यांचा मालक असलेल्या नेत्याने हे करावे, हे विशेषच.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी रक्तपाताविना स्वातंत्र्य आले. मात्र त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांत राबणारे लाखो भारतीय वंशाचे तमिळ मजूर राज्यहीन झाले. सेनानायके यांच्या कारकिर्दीवरचा हा मोठा डाग होय. त्यांच्यानंतर पुत्र डडली पंतप्रधान झाले.