मूर्तिजापूरचा तोडगा

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एका चुलीवर दोन कारभारणी नांदत नाहीत आणि एका कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम सुखानं राहत नाहीत. पहिली दोन वचनं पूर्वजांची, तिसरं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचं. पण या दुखण्यावरचा तोडगा आमच्या वऱ्हाडात शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता, हे इतिहासकारांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. तो निघाला मूर्तिजापूर जंक्शनवर.

मुंबईहून नागपूरला जाणारी मोठी लाइन १८६७ साली नागपुरात पोचली. तिचे रूळ साडेपाच फुटी. यवतमाळचा कापूस मात्र त्या लाइनपासून दूर. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अडीच फुटी लाइन टाकली. हीच आमची शकुंतला. कापूस विलायतेला जायचा आणि विलायतेहून इंजिन यायचं. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत इथं राबलं. एवढी नोकरी करून पेन्शन न मागणारा नोकर सरकारी खात्यात दुसरा नसेल.

आता शहाणपण कशात होतं ते पाहा. साडेपाच फुटांच्या रुळांतच अडीच फुटांची गाडी घुसवायचा हट्ट कोणी धरला नाही. स्टेशन एक, लाइनी दोन. प्रवाशानं उतरून ठरवावं, कोणत्या गाडीत बसायचं ते. एका लाइनीवर डबा घसरला तरी दुसरीवरची मेल वेळेवर. म्हणजे रेल्वेच्या वेळेवर!

‘ड्युअल बूट’ म्हणजे हेच. आमच्याकडे हा शब्द ऐकून कोणाला नवल वाटत नाही, बूट दोनच असायचे! पण हा बूट निराळा. आपल्याच बुटाचे बंद धरून आपणच आपल्याला वर उचलावं, अशी एक इंग्रजी कल्पना आहे, तिच्यातून तो आला. बटण दाबलं की आधी एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो, तो मोठ्याला उठवतो आणि मोठा अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो. सिस्टिम दोन असल्या आणि ‘आज कोणाला उठवू?’ असं विचारलं गेलं, की झालं ड्युअल बूट.

ही चैन हवी कोणाला? एखाद्या जुन्या छापखान्यात डोकावून बघा. शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा मराठी फाँटांनी आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवली होती. दिसायला ‘क’, खाली खुर्ची डॉलरची. फाँट काढला की शोकसभेचं पत्रक म्हणजे नुसते डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हं. युनिकोडनं देवनागरीला स्वतःच्या खुर्च्या १९९१ सालीच दिल्या, पण विंडोजमध्ये त्या मांडल्या गेल्या २००० साली. तोवरच्या शाळांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, सारं जुन्या फाँटांत अडकलेलं. एक छापखानेवाले काका मला म्हणाले, “भाऊ, नवं पायजेच. पण जुनं फेकू कसं? अर्धं गाव त्यात हाये!”

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. म्हणून इंटरनेटसाठी लिनक्स आणि जुन्या फायलींसाठी इंटरनेट न जोडलेली जुनी विंडोज, असे दोन संसार मांडावे लागतात.

हे संसार पूर्वी एकाच ड्राइव्हवर मांडत, आणि इथूनच भांडणांचा इतिहास सुरू होतो. १९८३ साली आलेल्या डॉस २.० पासून ड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइटांत घराची देवडी असे. त्यात उठवणाऱ्या प्रोग्रामला जागा ४४६ बाइटांची, बाकीत चार खोल्यांचा नकाशा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स आणलं, १९९२ साली ‘लिलो’ नावाचा देवडीवाला आला. तो येणाऱ्याला नम्रपणे विचारी, “कोणाकडे जायचंय?” मग आली विंडोज ९५. तिनं घरात पाऊल टाकताच देवडीवाल्याला हाकललं आणि कुलूप बदललं. लिनक्स आतल्या खोलीत धडधाकट, पण दार उघडायला कोणी नाही!

इथं मूर्तिजापूर कामाला येतं. दोन ड्राइव्ह घ्यावेत. एकीला बसवताना दुसऱ्या ड्राइव्हची तार काढून ठेवावी, मशीन बंद करून. तार तशीच ठेवली तर विंडोज कधीकधी स्वतः एका ड्राइव्हवर बसते आणि किल्ल्या दुसऱ्यावर ठेवते. दोन्ही बसल्या की तारा जोडाव्यात. पुढं सुरू करताना एफ-बारा किंवा त्या मशीनची जी कळ असेल ती दाबायची, की यादी समोर येते. बँकेच्या भाषेत, एका ड्राइव्हवरचं ड्युअल बूट म्हणजे दोघांच्या सहीचं खातं. एक गेला की दुसरा अडकला. दोन ड्राइव्हवरचं म्हणजे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’.

तरी कुरबुरी राहतातच. लाइनी दोन, पण स्टेशनातलं घड्याळ एकच. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. सकाळी अकराला विंडोज सांगते, साडेपाच वाजलेत, झोपा! दोघींपैकी एकीला समजावलं की मिटतं. दुसरी गोष्ट, २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘बंद’ म्हणजे पुरतं बंद नसतं. शटर खाली, मालक आत पेंगतोय. अशा वेळी लिनक्स तिथल्या फायली फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद केली की मालक खरोखर घरी जातो.

उरली हमाली. मूर्तिजापूरला कापसाच्या गाठी छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत हमालांच्या पाठीवरूनच जात. इथंही जुन्या फाँटातला मजकूर एकेक फाइल काढून युनिकोडमध्ये बदलावा लागतो, जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि दुसरी लाइन शाबूत असली की माणूस ते उद्यावर टाकतो.

शकुंतलेची खरी शिकवण इथंच आहे. १९९२ साली रेल्वेनं सगळे रूळ एकाच मापाचे करायचं धोरण घेतलं. युनिकोड म्हणजे अक्षरांचं तेच धोरण. छोटी लाइन कितीही लाडकी असली तरी एक दिवस थांबते, आमची थांबली. जुना ड्राइव्हही एक दिवस थांबेल, आणि तो शिट्टी देऊन थांबणार नाही. दोन लाइनी ठेवायच्या त्या मिरवायला नव्हे. छोटी चालू आहे तोवर गावाचा माल मोठीत चढवून घ्यायला.