उंदराची ऊब

वाचकहो, नागझिऱ्याच्या किंवा नवेगावच्या बाजूला पौषात कधी रात्र काढलीत काय? पहाटे पारा आठ अंशांच्या खाली घसरतो, शेकोटी विझत येते, आणि कुणीतरी हळूच म्हणतो, "घोटभर मोहाची घ्या, अंगात ऊब येईल." ऊब येते, हे काही खोटे नव्हे. चेहरा तांबूस होतो, हातपाय गरम लागतात. पण ही ऊब आतून बाहेर निघालेली असते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, गाभ्यातली उष्णता हवेत जाते आणि कुडकुडणेही मंदावते. पिऊन उघड्यावर झोपलेला माणूस थंडीने दगावतो तो यामुळेच.

उष्णतेच्या जमाखर्चाचा कारकून मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात बसलेला असतो. मेंदूवर चालणारी पुष्कळ औषधे त्याला गुंगवतात, आणि ते सर्वांत आधी दिसते उंदरात. पाव छटाकाहूनही थोडे वाढीव वजनाचा हा जीव. वजनाच्या मानाने त्याची कातडी फार मोठी. कारकुनाची डुलकी लागली की तासा-दोन तासांत अंग गार!

आता आपल्या ओळखीच्या सर्पगंधेकडे वळू. बिहारात तिला वेडावरचे औषध म्हणत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना दिली आणि १९४९ साली तो अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला. तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचे डोळे उघडले! १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिकात वाटा मिळाला.

रिसर्पिन टोचलेला उंदीर कोपऱ्यात पापण्या मिटून बसतो आणि साध्या खोलीत गार पडत जातो. मेंदूतल्या सिरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन या द्रव्यांचे साठे त्याने रिकामे झालेले असतात. मात्र हाच उंदीर चांगल्या उबदार खोलीत ठेवा, तो फारसा गारठत नाही. म्हणजे औषध थंडी घालीत नाही, ते राखण काढून घेते. मला तर यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१९५७ साली स्वित्झर्लंडात रोलंड कून यांनी जाहीर केले की, इमिप्रामीनने खिन्नतेच्या रोग्यांना उतार पडतो. पुढे दिसून आले की, गारठलेल्या उंदराला हे औषध पुन्हा तापवते. मग काय, साठीच्या दशकात नव्या औषधांची चाळणीच सापडली: उंदीर, रिसर्पिन आणि बारीकसा तापमापक. चाळणीची भोके मोठी होती खरी. नुसते उत्तेजक द्रव्यही उंदराला गरम करते. पण शेकडो द्रव्यांतून थोडी निवडायला ती पुरे. आपल्या मुंबईत, गोरेगावला, १९६३ साली सिबाचे संशोधन केंद्र सुरू झाले, डॉ. टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख होते. खिन्नतेवरचे 'सिंटामिल' हे औषध तिथलेच.

आता उलट बाजू पाहा. क्लोरप्रोमॅझीन दिलेला उंदीर थंड खोलीत गारठतो, आणि फार तापलेल्या खोलीत उलट तापतो. भोवतालची हवा नेईल तिकडे तो जातो. माणसाचेही थोडेफार तसेच. शिवाय या जातीची काही औषधे घामही अडवतात. मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा अशी गोळी घेणारा माणूस दुपारी तेंदूपत्ता तोडायला किंवा शेतावर गेला, तर उन्हाचा झटका त्याला इतरांआधी गाठतो. घरात असा रोगी असेल, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मात्र उन्हाचे जरूर विचारा. दुपारी त्याला सावलीत बसवा, न मागता पाणी द्या. अंग तापले, कातडी कोरडी पडली, बोलणे भरकटू लागले, तर ओल्या फडक्यांनी पुसत, वारा घालत, ताबडतोब दवाखाना गाठा.