करंगळीखालचा सेमीकोलन

पुण्यात पेठ तिथे क्लास. पोरगा पास झाला तरी क्लास, नापास झाला तरी क्लास. पोटापाण्याची विद्या तर क्लासवाचून मिळतच नाही. आमच्या घरातली पहिली अशी विद्या म्हणजे टायपिंग. चाळीसच्या स्पीडच्या सर्टिफिकेटवर तीर्थरूप बँकेत चिकटले. टायपिंगमध्ये उजव्या हाताची करंगळी सेमीकोलनवर ठेवायची असते. ती त्यांनी ठेवली, पुढे माझीही ठेवायला लावली. त्या सेमीकोलनचं करायचं काय, हे मास्तरांनी दोघांनाही सांगितलं नाही.

१९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांत संगणक आणायची शिफारस केली. युनियनने विरोधाचे झेंडे उभारले. त्यातला एक तीर्थरूपांच्या खांद्यावर होता. "यंत्र आलं की माणूस गेला," असं ते जेवताना बजावत, आणि आई म्हणे, "आधी भात घ्या."

तिकडे अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघाली आणि डॉ. विजय भटकरांच्या मंडळींनी १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. मग पुण्याच्या रिवाजाप्रमाणे १९९३ मध्ये त्यांनीही क्लास काढला! सहा महिने पोरांना प्रोग्रॅमिंगच्या घाण्याला जुंपायचं आणि शेवटी कंपन्यांपुढे उभं करायचं. आज ज्याला 'बूटकँप' म्हणतात, तो याचाच धाकटा भाऊ.

मी बी. कॉम. झालो, तेव्हा तीर्थरूप झेंडा माळ्यावर टाकून चौकशीला गेले. परत आले ते गप्पच. पात्रतेच्या यादीत इंजिनिअर होते, बी. कॉम. नव्हते. मी बँकेत लागलो.

आता पंचेचाळिसाव्या वर्षी मी ऑनलाइन क्लास लावला आहे. रात्री नऊला जेवणाच्या टेबलावर वर्ग भरतो. पडद्यातले चोवीस वर्षांचे सर म्हणतात, "काका, तुमचा कोलन राहिला." पायथन नावाच्या या भाषेत समास चुकला तरी गाडी अडते, टायपिंगचे मास्तर काही वेगळे नव्हते. सेमीकोलनचा उपयोग कळेल म्हणून मी आशेने बसलो होतो. सी भाषेत त्याच्यावाचून पान हलत नाही. पायथनला तो लागतच नाही.

परवा माझ्या व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये सत्तावीस रुपयांचा फरक येत होता. लेक म्हणाली, "बाबा, आता प्रोग्रॅम यंत्रच लिहितं. तुम्ही कशाला शिकताय?" खरं सांगतो, पोटात गोळा आला. फी भरली होती, आणि बायकोला अर्धीच सांगितली होती.

कोपऱ्यातून तीर्थरूप म्हणाले, "नऊने भाग जातोय. आकडे उलटे पडलेत." पाहिलं, तर ८५ च्या जागी ५८! लेजरचा फरक काढायला रात्री-रात्री बँकेत बसलेला माणूस तो.

"यंत्राला लिहू दे ग," ते नातीला म्हणाले. "पण टॅली कोण करणार?"

मी पुन्हा कीबोर्डवर बोटं ठेवली. करंगळी आपोआप जागेवर गेली.