अल्झायमर रोग आणि पेशीतील स्वभक्षण

निकामी प्रथिने व जीर्ण झालेली अंगके पटलाच्या पिशवीत बंदिस्त करून लायसोसोम या अम्लधर्मी अंगकापाशी पोचविणे, तेथे विकरांकरवी त्यांचे विघटन घडविणे आणि त्यातून निघालेले घटक पेशीला पुन्हा उपलब्ध करून देणे, या क्रियेस स्वभक्षण म्हणतात. अल्झायमर रोगात मेंदूतील चेतापेशींमध्ये या क्रियेचा, आणि त्यातही तिच्या अखेरच्या टप्प्याचा, ऱ्हास झालेला आढळतो. लायसोसोमाचा शोध लावणारे बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्त्याँ द द्यूव्ह यांनी १९६३ मध्ये या क्रियेचे नामकरण केले. तिची सूत्रे हाती असणारी जनुके यीस्टमध्ये हुडकून काढल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत आलॉइस आल्त्सहायमर (अल्झायमर) यांनी ज्या विकृतींचे वर्णन केले, त्या दोन्ही, म्हणजे पेशींबाहेरील बीटा-अमिलॉइडाचे साठे आणि पेशींच्या आतील टाऊ प्रथिनाची गुंतवळ, वस्तुतः विल्हेवाट न लागलेल्या प्रथिनांचेच संचय होत. तथापि ही प्रथिने निर्माण कशी होतात याच विचारात संशोधकांचा पुष्कळ काळ व्यतीत झाला, आणि ती नाहीशी का होत नाहीत हा तितकाच मूलभूत प्रश्न मागे पडला. सेंट लुइस येथे झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, उतारवयात हा रोग जडलेल्यांच्या मेंदूत बीटा-अमिलॉइडाची निर्मिती निरोगी समवयस्कांइतकीच, पण त्याचा निचरा मात्र सुमारे ३० टक्क्यांनी मंद असल्याचे दिसून आले. या निचऱ्यात रक्तवाहिन्या व इतर पेशी यांचाही वाटा असल्यामुळे त्याचा सगळा दोष स्वभक्षणाच्या खाती घालता येत नाही. परंतु जमेपेक्षा खर्चाची बाजू तपासणे किती अगत्याचे आहे, ते या आकड्यांनी निर्विवाद केले.

चेतापेशीवर हे संकट विशेष ओढवते, कारण प्रौढ चेतापेशी विभाजित होत नाही आणि म्हणून साचलेला मल नव्या पेशींत वाटून टाकण्याची सोय तिला नसते. शिवाय तिच्या लांबलचक अक्षतंतूच्या दूरच्या टोकाशी तयार झालेल्या पिशव्यांना विघटनासाठी पेशीकायेच्या दिशेने प्रवास करावा लागतो, आणि या मार्गात कोठेही खोळंबा झाला की त्या वाटेतच तुंबतात. स्वभक्षणास आवश्यक असलेले एखादे जनुक चेतासंस्थेतील पेशींतून काढून टाकले असता उंदरांच्या मेंदूत प्रथिनांचे पुंज साचतात व पेशी मरू लागतात, असे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये सिद्ध केले. या उंदरांत रोगकारक असे कोणतेही मानवी प्रथिन घातलेले नव्हते, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

रोग्यांच्या मेंदूतील फुगलेले तंतू अशाच अर्धवट पचलेल्या पिशव्यांनी गच्च भरलेले असल्याचे रॅल्फ निक्सन व त्यांच्या न्यूयॉर्कमधील सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. पिशव्या भरतात, पण रित्या होत नाहीत, त्या अर्थी बिघाड गोळा करण्यात नसून पचविण्यात असावा, हे अनुमान येथून बळावले. कमी वयात उद्भवणाऱ्या आनुवंशिक प्रकारास बहुधा कारण होणाऱ्या प्रेसेनिलिन-१ या जनुकातील दोषामुळे लायसोसोम अम्लधर्मी ठेवणारा पंप नीट जुळत नाही, असे त्याच गटाने २०१० मध्ये प्रतिपादिले. इतर प्रयोगशाळांनी मात्र त्यास हरकत घेतली असून तो वाद पुरता मिटलेला नाही. २०२२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत लायसोसोमांची अम्लता पेशींबाहेरील साठे दिसू लागण्यापूर्वीच घटलेली आढळली. पचन न झालेल्या पिशव्यांनी फुगून मेलेल्या चेतापेशींतून पुष्कळसे साठे उगम पावतात, असा अर्थ त्यावरून लावण्यात आला. मानवी रोगातही क्रम हाच असेल, तर साठा हे रोगाचे मूळ नसून पेशीच्या अंताचा अवशेष ठरतो.

उपचाराच्या दृष्टीने यातून निघणारा इशारा स्पष्ट आहे : लायसोसोमाची अम्लता पूर्ववत न करता केवळ नव्या पिशव्यांची निर्मिती वाढविणारे औषध तुंबलेल्या पेशीवरील भार हलका करण्याऐवजी वाढविण्याचाच संभव अधिक. लेकानेमॅबसारखी अलीकडे मान्यता पावलेली प्रतिपिंडे पेशींबाहेरील अमिलॉइड काढतात. पेशींच्या आतील हा निचरा पूर्ववत करणारे औषध अद्याप वापरात आलेले नाही.