पहिल्यांदा कुणी बसवलं?

बुलेटवरून लडाख करून आलेल्या कुणालाही विचारा, हे वेड लागलं कधी? आधी गाडीचं नाव येतं, मग साल येतं, आणि थोडं बोलतं केलं की माणसाचं नाव येतं. मामा, थोरला भाऊ, कॉलेजातला सीनियर, नाहीतर पडद्यावर पाहिलेला कुणी परका. या परक्यांमध्ये गेल्या वीस वर्षांत दोन नावं फार वेळा निघतात: युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन. या दोन नटांनी १४ एप्रिल २००४ रोजी लंडन सोडलं. युक्रेन, रशिया, कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया असं पूर्वेकडे जात त्यांनी मगादान गाठलं, तिथून विमानाने ते अलास्कात उतरले आणि २९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये शिरले. सुमारे तीस हजार किलोमीटर. त्या प्रवासाची ‘लाँग वे राउंड’ ही मालिका आली, पुस्तक आलं, आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या बांधलेली उंच मोटारसायकल जगभर ओळखीची झाली.

मला त्या प्रवासाहून त्याच्या मागची वाट जास्त ओढते. या दोघांना कुणी बसवलं? आणि ज्याने बसवलं त्याला कुणी?

चार्लीचे वडील म्हणजे दिग्दर्शक जॉन बूरमन. आयर्लंडमध्ये ‘झार्डोझ’चं चित्रीकरण चाललं होतं तेव्हा नायक शॉन कॉनरीचा मुलगा जेसन तिथे एक मंकी बाइक घेऊन आला. मंकी बाइक म्हणजे लहान चाकांची, गुडघ्याएवढी मोटारसायकल. चार्ली तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. त्या गाडीने त्याला कायमचं धरलं. पुढे गावातल्या एका मोठ्या मुलाकडे मातीत चालवायची खरी गाडी होती, ती बघत तो वाढला. मॅकग्रेगरची सुरुवात वेगळी. स्कॉटलंडमधल्या क्रीफ गावातला हा मुलगा. त्याचं एका मुलीवर मन होतं आणि ती मोटारसायकलवाल्या दुसऱ्या मुलाबरोबर गेली, असं तो स्वतः सांगतो. म्हणजे त्याला गाडीकडे नेणारा माणूस हा त्याचा प्रतिस्पर्धी. दोघांची गाठ १९९७ साली आलेल्या ‘द सर्पंट्स किस’ या चित्रपटाच्या कामात पडली, आणि मैत्री जमली ती गाड्यांच्या गप्पांवर.

त्या मोहिमेसाठी त्यांना आधी केटीएमच्या गाड्या हव्या होत्या. ऑस्ट्रियाच्या त्या कंपनीने नकार दिला. हे दोघे प्रवास पुरा करतील याची खात्री तिला वाटली नाही. मग बीएमडब्ल्यूने ११५० सीसीच्या जीएस गाड्या दिल्या. पुढे २००७ साली पुण्याच्या बजाज ऑटोने केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि काही वर्षांत केटीएमच्या लहान इंजिनांच्या गाड्या चाकणला तयार होऊ लागल्या. आज लांबच्या प्रवासासाठीची ३९० ॲडव्हेंचर चाकणमधूनच बाहेर पडते.

निघण्याआधी या दोघांनी एक पुस्तक वाचलं होतं: टेड सायमनचं ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’. प्रवासाच्या प्रेरणेचं श्रेय त्यांनी उघडपणे त्याला दिलं, आणि मंगोलियात सायमन त्यांना येऊन भेटला. वाचकाची आणि लेखकाची अशी आडरानात, दोघेही घरापासून हजारो किलोमीटर दूर असताना पडलेली गाठ मला त्या मालिकेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

सायमन हा पेशाने पत्रकार. जन्म १९३१चा, जर्मनीतला. आई जर्मन, वडील रुमानियन, वाढला लंडनमध्ये. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मोटारसायकलशी त्याचा संबंध नव्हता. जग बघायचं ठरवलं, तेही उघड्यावर, लोकांच्या हाताशी राहून, म्हणून त्याने मोटारसायकल निवडली, आणि परवाना काढला तो याच प्रवासासाठी. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने पाठबळ दिलं. गाडी होती ५०० सीसीची ट्रायम्फ टायगर १००. मेरिडेनचा ट्रायम्फचा कारखाना तेव्हा बंद पडायच्या बेतात होता आणि कामगारांनी तो ताब्यात घेतला होता. सायमन निघाला ६ ऑक्टोबर १९७३ रोजी. त्याच दिवशी इजिप्तच्या फौजांनी सुएझ कालवा ओलांडला आणि युद्ध पेटलं, आणि त्याचा रस्ता तर इजिप्तमधूनच जात होता. तरी तो गेला. सुदानचं वाळवंट, केनिया, दक्षिण आफ्रिका. मग बोटीने ब्राझील, जिथे हेर समजून त्याला कोठडीत टाकलं. मग अँडीज, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, मलेशिया. पेनांगहून बोटीने तो मद्रासला उतरला. चार वर्षं, पंचेचाळीस देश, एक लाख किलोमीटरच्या वर.

पुस्तकाचं नाव त्याला भारताने दिलं. इथल्या एका लग्नसमारंभात भविष्य जाणणाऱ्या एका गृहस्थाने त्याला सांगितलं, की तू गुरू आहेस, ग्रहमालेतला गुरू. वाटेत दोन अपघात होतील हेही सांगितलं. १९७९ साली पुस्तक आलं ते ज्युपिटरचं नाव घेऊन. आपल्या ज्योतिषाचा एक धागा असा ब्रिटिश मोटारसायकल-साहित्याच्या शीर्षकात जाऊन बसला आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. २००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, सायमन पुन्हा त्याच मार्गाने निघाला. या वेळी बीएमडब्ल्यूवरून.

सायमनच्या मागे कोण? इथे वाट सरळ मागे जात नाही, कारण त्याला बसवणारा असा कुणी मोटारसायकलवाला समोर नव्हता. पण त्याच्या आधी जगाला फेरी घालणारे होते. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण, हार्वर्डचा पदवीधर, व्हिएन्नात वास्तुकला शिकलेला. १९३२ साली लंडनमध्ये एका मेजवानीत शेजारच्या तरुणीने विचारलं, अमेरिकेला बोटीने कधी निघणार? तिच्यावर छाप पाडायला तो म्हणाला, बोटीने नाही, मोटारसायकलवरून, जग फिरून जाणार. टेबलावर डग्लस मोटारसायकल कंपनीचा माणूस बसला होता. तो म्हणाला, गाडी आम्ही देतो. आता माघार घेणं शक्य नव्हतं. तुर्कस्तान, इराक, वझिरिस्तान, हिंदुस्थान, चीन, जपान असं करत १९३३च्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, फुल्टन न्यूयॉर्कला घरी पोहोचला. १९३७ साली त्याचं ‘वन मॅन कॅरव्हॅन’ हे पुस्तक निघालं. पुढे त्याने रस्त्यावर धावणारं विमान बनवलं, जमिनीवरच्या माणसाला उडत्या विमानात उचलून घेणारी यंत्रणा बनवली. फुल्टन वारला तो ७ मे २००४ रोजी, पंचाण्णव वर्षांचा होऊन. मॅकग्रेगर आणि बूरमन त्या दिवशी वाटेतच होते.

फुल्टनच्याही वीस वर्षं आधी कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी हा आणखी एक अमेरिकन हेंडरसन कंपनीची चार सिलिंडरची गाडी घेऊन निघाला होता. ऑक्टोबर १९१२ मध्ये डब्लिनहून सुरुवात. बरोबरचा मित्र पॅरिसहून परतला, क्लॅन्सी एकटा पुढे गेला, आणि १९१३च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला आला. मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून आज त्याचं नाव घेतात. पण त्याचं लेखन सायकल-मोटारसायकलच्या एका जुन्या साप्ताहिकात विखरून पडलं आणि पुस्तकरूपाने लोकांसमोर आलं ते २०१० साली. मधली जवळजवळ शंभर वर्षं या पहिल्या माणसाकडून प्रेरणा घ्यायची, तर तो सापडणार कुठे?

मला या सगळ्या मागोव्यात जे दिसतं ते हे: माणसाला गाडीवर बसवतो तो पहिला किंवा श्रेष्ठ स्वार नव्हे. बसवतो तो, जो नजरेच्या टप्प्यात असतो. एक तर शेजारी राहतो, नाहीतर लिहून ठेवतो. दोन्ही नसेल तर पराक्रम कितीही मोठा असो, तो पुढच्या हातात जात नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही तुटलेली वाट फार स्पष्ट दिसते. फ्लॉरेन्स ब्लेनकिरन आणि थेरेसा वॉलॅक या दोघी ११ डिसेंबर १९३४ रोजी लंडनहून निघाल्या. गाडी ६०० सीसीची पँथर, तिला साइडकार, मागे छोटा ट्रेलर. सहारा ओलांडून १९३५च्या जुलैअखेरीस त्या केप टाउनला पोहोचल्या. सहारा मोटारसायकलवरून ओलांडायचा म्हणजे वाळूत रुतलेलं धूड तासन्‌तास ढकलायचं, आणि दुरुस्ती स्वतःच करायची. वॉलॅक अभियांत्रिकी शिकलेली होती. घरच्यांचा विरोध असताना तिने गाडी चालवायला शिकून घेतली होती. तिच्या या प्रवासाचं पुस्तक निघालं २००१ साली, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तेच एल्स्पेथ बिअर्डचं. लंडनमध्ये वास्तुकला शिकणारी ही मुलगी १९८२ साली, तेवीस वर्षांची असताना, जुन्या बीएमडब्ल्यूवरून एकटी निघाली आणि १९८४च्या अखेरीस पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. वाटेत भारत होता, आणि पंजाब पेटलेला होता. परतल्यावर तिच्या प्रवासात कुणी फारसा रस घेतला नाही. तिचं ‘लोन रायडर’ आलं २०१७ साली. या दोघी वेळेवर वाचायला मिळाल्या असत्या, तर मधल्या काळातल्या किती मुलींनी हँडल धरलं असतं, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडची परंपरा जगप्रदक्षिणेची नाही, तालुक्याच्या रस्त्याची आहे. १९५०च्या दशकात लष्कराच्या मागणीमुळे एन्फिल्ड आली आणि १९५५मध्ये मद्रासजवळ तिचा कारखाना उभा राहिला. १९६१ साली म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, पुढे तीच येझदी झाली. पाठोपाठ एस्कॉर्ट्सची राजदूत आली आणि दुधाच्या किटल्या लटकवून ती वाडीवस्तीवर पोहोचली. गावात गाडी असायची डॉक्टरकडे, फौजदाराकडे, दूध संघाच्या माणसाकडे. १९७३च्या सप्टेंबरअखेरीस ‘बॉबी’ आला आणि ऋषी कपूरच्या छोट्या राजदूतने तरुण पोरांची झोप उडवली. सायमन लंडनहून निघाला त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. पण सिनेमाने हौस दिली, चावी दिली ती नात्यातल्या नाहीतर गल्लीतल्या माणसाने.

लहान पोराला आधी टाकीवर बसवायचं, हात हँडलच्या मधल्या दांडीवर. मग मोठं झाल्यावर मागची सीट. मग एखाद्या रिकाम्या मैदानात हाफ क्लच. जुन्या बुलेटचं शिक्षण तर हाताला हात धरूनच व्हायचं: गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, डिकम्प्रेसर दाबून किक हळू खाली न्यायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की सोडायचं आणि मग पूर्ण वजनाने किक. चुकलात तर किक उलटी पोटरीवर यायची. जावा-येझदीला किक आणि गियर एकाच दांडीत. किक मारून ती दांडी पुढे वळवली की गियर. हे कुणी छापील पुस्तिकेतून शिकलं नाही. काकाने शिकवलं, गॅरेजवाल्याने शिकवलं, सुट्टीवर आलेल्या फौजीने शिकवलं.

मुलींना ही मैदानं सहसा मिळाली नाहीत. त्यांना रस्त्यावर आणलं ते लूनाने. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ साली अहमदनगरमधून ती बाजारात आणली. हलकी, गियर नसलेली, पेट्रोल संपलं तर पॅडल मारता येणारी. लूनावरून शाळेत आणि बँकेत कामाला जाणारी बाई ही तिच्या मुलीसाठी पहिली स्वार होती, हे आपण नीटसं मानलेलं नाही. २०११ साली उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘द बायकरनी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांचा गट उभा राहिला आणि देशभर पसरला. ती मोठी घटना आहेच. पण पुण्यातच ती घडावी, यामागे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या आया आणि मावश्या आहेत असं माझं ठाम मत आहे.

सायमनची ट्रायम्फ आज कॉव्हेंट्रीच्या वाहतूक संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. मेरिडेनचा कारखाना १९८३ साली कायमचा बंद झाला. नाव दुसऱ्या मालकाने विकत घेतलं, हिंकलीला नवा कारखाना उभारला, आणि २०२३पासून ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून निघतात. यंत्रांचा वंशवृक्ष असा नीट मांडता येतो, कारण कंपन्या नोंदी ठेवतात.

माणसांचा वंशवृक्ष आपल्यालाच मांडावा लागेल. ज्यांनी जावा आणि राजदूत नव्या घेतल्या ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुम्हाला ज्याने किंवा जिने पहिल्यांदा बसवलं, त्या माणसाचं नाव, गाडी, साल आणि रस्ता वहीत लिहून ठेवा. ते माणूस हयात असेल तर या रविवारी जाऊन विचारा, की तुम्हाला कुणी शिकवलं होतं? आणि जे सांगतील तेही त्याच पानावर लिहा.