मेटाक्रिटिकचा पिवळा रंग : 'ठीकठाक' गेमचं पुढे काय होतं?

मेटाक्रिटिक ही वेबसाइट समीक्षकांच्या गुणांवरून गेमला 100 पैकी एक आकडा देते. 75 पासून हिरवा रंग, 50 ते 74 पिवळा, त्याखाली लाल. चित्रपटाला मात्र हिरव्यासाठी 61 पुरतात. म्हणजे 65 गुणांचा सिनेमा चांगला आणि तेवढ्याच गुणांचा गेम जेमतेम!

2019 मध्ये प्लेस्टेशन 4 वर आलेला 'डेज गॉन' 71 वर अडकला. बग, रेंगाळणारी कथा आणि तेच तेच मिशन या मुख्य तक्रारी. झोंबीसारख्या फ्रीकर्सच्या झुंडींचं कौतुकही झालं. ब्लूमबर्गच्या 2021 मधील वृत्तानुसार गेम नफ्यात होता, तरी संमिश्र समीक्षा आणि निर्मितीला लागलेला वेळ पाहून सोनीने दुसरा भाग नाकारला. त्याच वर्षी गेम पीसीवर आला आणि स्टीमवरच्या खेळाडूंनी त्याला भरभरून पसंती दिली.